तारांची चाके आणि मूळपणाचा आग्रह

इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहराबाहेरच्या एका लहानशा गॅरेजमध्ये मी जग्वार ई-टाइप या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे चाक उतरवताना पहिल्यांदा पाहिले, आणि जुन्या स्पोर्ट्स कारच्या चाकांविषयीचा वाद आपण बहुतेक जण चाक न उतरवताच घालत असतो, हे त्या दिवशी लक्षात आले. मेकॅनिकने चाकाच्या मधोमध बसवलेल्या दोन कानांच्या नटावर तांब्याच्या हातोड्याने तीन-चार घाव घातले, नट हाताने फिरवत काढला आणि अख्खे चाक दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतले; बोल्ट एकही नव्हता. मग चाक भिंतीला टेकवून त्याने छोट्या पान्याने एकेक तार हलकेच ठोकायला सुरुवात केली. ताणलेली तार टणकन वाजे, मधूनच एखादी बद्द आवाज काढी, आणि अशा बद्द तारेवर तो खडूने खूण करी. फेरी पूर्ण झाली तेव्हा ७२ तारांपैकी नऊ तारांवर खडू उमटला होता. त्यानंतर त्याने हबवरचे, म्हणजे चाक ज्यावर चढते त्या मधल्या भागावरचे, ग्रीस फडक्याने पुसले आणि आम्हाला हबवरचे दात दाखवले. चाकाच्या आतल्या खाचांत हे दात अडकतात. इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा रेटा त्यांच्यामार्फतच चाकापर्यंत पोचतो. दातांचे माथे सपाट असायला हवे होते. ते झिजून करवतीसारखे टोकदार झाले होते.

गाडी माझ्या एका मराठी स्नेह्याची होती. गाडी हलताना आणि ब्रेक दाबताना मागून ‘खट्’ असा आवाज येतो, एवढ्याच तक्रारीवरून तो तिथे आला होता. आता त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला : त्याच चाकांचा आउट काढून, म्हणजे तारा कमी-जास्त आवळून चाकाची डगमग घालवून, तारा बदलून ती पुन्हा चढवायची, त्याच नमुन्याची नवी तारांची चाके घ्यायची, की या कटकटीतून कायमचे सुटून अ‍ॅल्युमिनियमची चाके लावायची? क्लबातल्या मित्रांनी पहिला पर्याय सुचवला, घरच्यांनी तिसरा, आणि मेकॅनिकने दुसरा. मेकॅनिकच बरोबर होता असे माझे मत आहे, पण ते मत सरसकट सगळ्या जुन्या गाड्यांना लागू पडत नाही. ते का पडत नाही, हेच या लेखात मांडायचे आहे.

हा एका हौशी माणसाच्या खिशाचा प्रश्न आहे, त्यात सार्वजनिक काय, असे कुणी विचारील. एक तर जग्वार ही कंपनी २००८मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली, म्हणजे कॉव्हेन्ट्रीच्या या वारशाची मालकी मुंबईकडे आली आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र सोय केली. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. गाडी तपासून तिला व्हिंटेज ठरवण्याचे काम राज्याने नेमलेल्या समितीचे आहे. चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख या अटीत आहे, चाकांचा नाही. मग ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांत चाके येतात की नाही? उद्या मुंबईत किंवा पुण्यात एमजीसारख्या एखाद्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसमोर समिती उभी राहील तेव्हा तिला या प्रश्नाचे काहीतरी उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर अमुक सदस्याला अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाके, आवडतात की नाही यावर अवलंबून राहू नये.

तारांच्या चाकाचे कूळ आधी पाहायला हवे, कारण ‘मूळ’ म्हणजे काय हे त्यातून थोडे उलगडते. बैलगाडीच्या चाकात तुंब्यापासून (मधल्या गाभ्यापासून) धावेपर्यंत (बाहेरच्या कड्यापर्यंत) जाणारे आरे लाकडाचे असतात आणि ओझे पेलताना ते दाबले जातात. म्हणून आरा जाड लागतो. तारेला दाबून धरले तर ती वाकते, तिला फक्त ओढ सहन होते. तेव्हा तारांचे चाक म्हणजे सगळ्या बाजूंनी सारख्या ताणाने ओढून धरलेले वर्तुळ. या ताणात एक तार ढिली पडली की तिच्या वाटणीचा भार शेजारणीवर जातो, मग तीही लवकर थकते, आणि म्हणून नऊ बद्द तारा हा नऊ तारांपुरता दोष राहत नाही. तारा हबच्या मध्यातून सरळ न नेता तिरक्या, परिघाच्या अंगाने बसवण्याची युक्ती जेम्स स्टार्ली याने १८७४मध्ये पेटंट केली, तीही कॉव्हेन्ट्रीतच. सरळ तारेला चाक पुढे ढकलण्याचा रेटा नीट देता येत नाही. तिरक्या तारेला तो ओढीच्या रूपाने देता येतो. त्या काळात कॉव्हेन्ट्री हे सायकलींचे शहर होते, एके काळी पुणे होते त्याहून कितीतरी अधिक, कारण तिथे सायकली नुसत्या चालत नव्हत्या, बनत होत्या. तिथल्याच रज-व्हिटवर्थ या सायकल कंपनीने पुढे मोटारीसाठी मधल्या एकाच नटावर निघणारे तारांचे चाक तयार केले, आणि मिलानच्या बोरानी कंपनीने १९२२पासून त्याच परवान्यावर इटलीत अशी चाके बनवली. दोन्ही बाजूंच्या नटांचे आटे एकमेकांच्या उलटे असतात, जेणेकरून गाडी चालताना नट आवळलाच जावा. एका बाजूचा हब चुकून दुसऱ्या बाजूला बसवला, तर तोच गुण उलटतो आणि चालत्या गाडीचे चाक निखळते.

ई-टाइप मार्च १९६१मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. ताशी दीडशे मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेगाचा दावा, चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागे स्वतंत्र सस्पेन्शन. त्या मानाने किंमत इतकी कमी, की समोर उभ्या असलेल्या इटालियन गाड्यांना घाम फुटावा. या नव्या कोऱ्या यंत्राच्या खाली चाके मात्र तीच जुन्या घराण्यातली, १५ इंची आणि रुंदीला पाच इंच, ७२ तारांची. जग्वारला त्याहून चांगले चाक ठाऊक नव्हते असे नाही. १९५४च्या डी-टाइप या रेसिंग गाडीला तिने डनलॉपची छिद्रांची अ‍ॅल्युमिनियम चाके लावली होती, आणि १९६३मध्ये रेसिंगसाठी ज्या मोजक्या हलक्या ई-टाइप बनवल्या त्यांनाही तारांऐवजी तशीच चाके होती. म्हणजे जिथे जिंकायचे होते तिथे कारखान्याने स्वतःच तारांची चाके सोडली होती. रस्त्यावरच्या गाडीसाठी ती ठेवण्याला कारणे होती : ब्रेकवर हवा खेळते, चाक चटकन निघते, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना स्पोर्ट्स कार म्हटली की तारा हव्याच असत. यातले शेवटचे कारण सगळ्यांत प्रबळ असावे असा माझा अंदाज आहे.

ही हकीकत मूळपणाच्या आग्रहाला अडचणीची आहे. ‘कारखान्यातून आली तशी’ हा निकष वरवर भक्कम दिसतो, पण कारखाना दरवर्षी स्वतःच बदलत होता. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात चाकाच्या हबचा आकार बदलला, तारांची टोके बसवण्याची पद्धत बदलली. अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांमुळे बाहेर आलेले कान पादचाऱ्याला लागू नयेत म्हणून कानांचा नट जाऊन कानांवाचूनचा आला. १९७१च्या तिसऱ्या मालिकेत बारा सिलिंडरांच्या इंजिनाबरोबर सहा इंच रुंदीची पत्र्याची चाके आली आणि तारांची चाके ही जादा पैशांची निवड झाली. तेव्हा १९७२च्या ई-टाइपला तारांची चाके नाहीत म्हणून नाक मुरडणारा माणूस इतिहासाची बाजू घेत नसतो, चित्रपटांत आणि पोस्टरवर पाहिलेल्या ई-टाइपची बाजू घेत असतो.

यातली सर्वांत मजेची गोष्ट क्रोमची. १९६१च्या ई-टाइपची चाके मुळात चंदेरी रंगाची असत. क्रोमचा मुलामा हवा असेल तर वेगळे पैसे पडत. आज एखाद्या प्रदर्शनात रांगेने उभ्या ई-टाइप पाहा, लग्नातल्या घोड्यासारखी बहुतेकांची चाके लखलखत असतात, आणि त्याच रांगेत अलॉय लावलेल्या गाडीकडे मूळपणावरून बोट दाखवले जाते. तारेवर क्रोम चढवताना पोलादात हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि ताणाखाली चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक ओढ कमी-जास्त होणाऱ्या तारेच्या बाबतीत हा धोका शोभेसाठी पत्करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. रंगवलेले चाक पुसायला त्रासाचे आहे हे खरे, पण त्याची तडा गेलेली तार रंगाच्या रेघेवरून दिसते तरी.

मग ‘मूळ’ या शब्दाने आपण नेमके काय जपू पाहतो? मला वाटते, या एका शब्दात निदान दोन निराळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. पहिली, त्या गाडीबरोबर त्या दिवशी कारखान्याबाहेर पडलेला प्रत्यक्ष धातू. दुसरी, त्या गाडीची रचना : चाकाचा व्यास, रुंदी, त्याचे हबवरचे स्थान, टायरची भिंत किती उंच, स्टिअरिंग किती हलके, वळणावर गाडी किती आधी सांगते की आता घसरणार. धातू झिजतो आणि रचना झिजत नाही. जुन्या वास्तूंच्या जतनातही हा भेद नवा नाही. वाड्याचा कुजलेला खांब बदलताना त्याच लाकडाचा, त्याच मापाचा खांब घातला तर वाडा तोच राहतो, पण खांब काढून तिथे काँक्रीटची तुळई टाकली तर राहत नाही. चाक हा गाडीचा असाच खांब आहे, आणि तो सदैव फिरणारा आहे, म्हणून त्याचा धातू जपण्याचा आग्रह हा गाडीच्या आतल्या एखाद्या घड्याळाच्या किंवा चामड्याच्या बैठकीच्या बाबतीतल्या आग्रहासारखा असू शकत नाही. घड्याळ बंद पडले तर वेळ कळत नाही. चाक निखळले तर समोरून येणाऱ्या माणसाचाही प्रश्न येतो.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६मध्ये १९६३ची एक ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. तिच्या बाबतीत माझे काही म्हणणे नाही. जी गाडी फिरणारच नाही तिच्या पायांत अगदी कारखान्याची तार असावी, हेच योग्य. आपण बोलतो आहोत ती रविवारी सकाळी घराबाहेर निघणाऱ्या गाडीविषयी.

अशा गाडीच्या चाकांचा निर्णय शेवटी धातूवर अवलंबून असतो, हे मी अनेक वर्षे गाड्या पाहून शिकलो. पोर्शे ९११चे उदाहरण तारांच्या अगदी उलट आहे. १९६६मध्ये ९११एस या गाडीबरोबर पाच पाकळ्यांचे जे चाक आले, ते हाइनरिख क्ली याने आखले आणि माइनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स कंपनीने बनवले. म्हणून जगभर त्याला ‘फुक्स’ म्हणतात. ते ओतीव नव्हे, घडीव अ‍ॅल्युमिनियमचे आहे. लोहार लोखंड ठोकतो तसा धातू दाबून घडवला की त्याचे कण दाट बसतात आणि आत पोकळी राहत नाही. अशी साठ वर्षांची चाके, वाकलेली किंवा तडकलेली नसतील तर, आजही बिनधास्त चालवता येतात. स्वस्त ओतीव नक्कल लावून मूळ फुक्स कपाटात ठेवणारा पोर्शेवाला मला कळत नाही. तिथे मूळ चाकच अधिक चांगले आहे, हलके आहे आणि जास्त विश्वासाचे आहे. फक्त एक पथ्य : त्याच्या पृष्ठभागावरचा मूळचा ऑक्साइडचा थर पॉलिशच्या चक्रावर घासून आरसा करण्याचा मोह टाळावा. तो थर गेला की अ‍ॅल्युमिनियमला संरक्षण राहत नाही, आणि मग दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा घासावे लागते.

याच्या दुसऱ्या टोकाला मॅग्नेशियम आहे. साठच्या दशकात रेसिंग गाड्यांना आणि काही महागड्या रस्त्यावरच्या गाड्यांना मॅग्नेशियमची ओतीव चाके लावत, कारण तो धातू अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलका. पण ओलाव्यात तो आतून पोखरला जातो, रंगाखाली फोडासारखे बुडबुडे येतात, आणि तडे डोळ्यांना दिसायला लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो. अशी चाके भिंतीवर टांगावीत, गाडीला लावू नयेत, आणि त्याच आकाराची नवी चाके लावणाऱ्याला ‘मूळपणा घालवला’ असे म्हणणाऱ्याने त्या गाडीत स्वतः बसून ताशी शंभरने घाट उतरून दाखवावा.

तारांचे चाक या दोन टोकांच्या मध्ये बसते. ते सुटे करता येते, एकेक तार बदलता येते, आउट काढता येतो. सायकलच्या दुकानात लहानपणी पाहिलेले कसब इथे मोठ्या प्रमाणावर लागते. परंतु हबचे दात झिजले की दुरुस्ती नाही, आणि झिजलेल्या हबवर नवे चाक बसवले तर नवे चाकही काही दिवसांत तसेच होते. म्हणून मी त्या मेकॅनिकच्या बाजूचा आहे : हब आणि चाक जोडीने नवे, नमुना तोच, मुलामा रंगाचा. यात एक सवलत मी आनंदाने देतो. जुन्या तारांच्या चाकात तारांच्या टोकांची छिद्रे रिममधून आरपार असतात, त्यामुळे आत ट्यूब घालावी लागते. वेगात ट्यूब तापते, आतल्या बाजूने टायरला घासते आणि फुटली तर हवा एकदम जाते. ट्यूबलेस टायर खिळा लागल्यावरही हळूहळू बसतो. आज त्याच दिसण्याची पण ट्यूबवाचून चालणारी तारांची चाके बनतात. ती घेणे हा बाहेरून न दिसणारा आणि पुरता उपयोगाचा बदल आहे, आणि ताशी २४० किलोमीटरचा दावा करणाऱ्या गाडीच्या मालकाने तो करावा असेच मी म्हणेन.

मी विरोध करतो तो दुसऱ्या प्रकारच्या ‘सुधारणे’ला. ई-टाइपला सतरा इंची चाके आणि पातळ भिंतीचे रुंद टायर लावणे ही सुधारणा आहे असे अनेकांना वाटते, कारण आजच्या गाड्यांना तशी चाके असतात. पण त्या गाडीचे सस्पेन्शन ६.४० × १५ मापाच्या, उंच भिंतीच्या टायरसाठी आखलेले आहे. खड्ड्याचा पहिला धक्का ती भिंत पचवते आणि उरलेला स्प्रिंगकडे जातो. भिंत पातळ केली की सगळा धक्का स्प्रिंगकडे, बेअरिंगकडे आणि चालवणाऱ्याच्या कंबरेकडे येतो. चाक बाहेरच्या बाजूला सरकवले की रस्त्याला टेकणारा बिंदू स्टिअरिंगच्या अक्षापासून दूर जातो. मग स्टिअरिंग जड होते, खड्ड्यात ते हातांत हिसका देते आणि बेअरिंगवर तिरका भार पडतो. रुंद टायरची पकड जास्त असते हे खरे, पण जुन्या गाडीची मजा ही पकड सुटण्याआधी मिळणाऱ्या सूचनेत असते. ती सूचना काढून घेतली तर पकड सुटेल तेव्हा एकदम सुटेल, आणि अंगाखाली साठ वर्षांपूर्वीची गाडी असेल. चाकाने मडगार्डला घासू नये म्हणून पत्रा कापणारे तर गाडीचे वैरीच म्हणायचे.

म्हणून व्यास आणि हबवरचे स्थान हे दोन आकडे मी हात न लावण्याजोगे मानतो. रुंदीत इंचभराची सूट ठीक आहे, कारण कारखान्यानेच पुढे ती घेतली. आकाराबाबत मी इतका कडक नाही. छिद्रांच्या डी-टाइप नमुन्याची अ‍ॅल्युमिनियम चाके आज दातांच्या हबवर बसतील अशी मिळतात. ती त्या काळातली, त्याच घराण्यातली आहेत, आणि ज्याला लांबच्या रॅलीला किंवा कच्च्या रस्त्यांवर जायचे आहे त्याने ती लावली तर मला ती चोरी वाटत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर तारा मोजत बसण्याचा धीर सगळ्यांना नसतो, आणि नसावाही. मात्र त्यासाठी हब कापणे, नवे बोल्ट बसवण्यासाठी मूळ भाग छिद्र पाडून निकामी करणे, हे केले तर परतीची वाट बंद होते. चाक हा गाडीतला असा एकच मोठा भाग आहे जो अर्ध्या तासात जॅक लावून बदलता येतो आणि तितक्याच वेळात पूर्ववत करता येतो. हा गुण राखून केलेला बदल आणि तो गुण मोडून केलेला बदल, यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

नियम करणाऱ्यांनी याच गुणाकडे पाहावे असे माझे म्हणणे आहे. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२मध्ये ‘तुरीन सनद’ या नावाची एक सनद स्वीकारली. तिची प्रेरणा वास्तूंच्या जतनासाठी १९६४मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेची होती, आणि बदल शक्यतो परतवता येणारे असावेत व त्यांची नोंद राहावी, हा तिचा गाभा. जर्मनीत तीस वर्षांवरील गाडीला मिळणारा ‘एच’ क्रमांक देताना, त्या गाडीच्या सुरुवातीच्या दहा वर्षांत ज्या चाकांची निवड शक्य होती ती चालतात, असा व्यवहारी दंडक आहे. ब्रिटनमध्ये २०१८पासून चाळीस वर्षांवरील गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली, पण गाडीत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट घातली. आणि तिथेही मूळ सुटे भाग मिळत नाहीत म्हणून केलेले बदल, किंवा सुरक्षिततेसाठी चालणाऱ्या यंत्रणेत केलेले बदल, हे मोठे फेरबदल धरले जात नाहीत. या दोन्ही देशांत शेकडो वर्षांची शिस्त असल्याने हे जमले असे नव्हे. तिथेही भांडणे होतात. पण भांडणाला एक मोजपट्टी आहे.

आपल्याकडे ती मोजपट्टी अजून घडायची आहे, आणि घडवताना दोन्ही टोके टाळावी लागतील. एक टोक असे, की समितीने चाके म्हणजे चिल्लर बाब समजून सोडून द्यावीत. मग वीस इंची चाके आणि कापलेली मडगार्डे असलेली गाडी व्हिंटेज म्हणून फिरेल. दुसरे टोक असे, की समितीने जुन्या कॅटलॉगातल्या चित्राशी चाक जुळत नाही म्हणून गाडी नाकारावी. मग मालक नोंदणीच्या दिवसापुरती कुणाची तरी गंजलेली चाके उसनी आणेल, आणि तीच चाके लावून घरी परतेल. यातला दुसरा धोका मला जास्त वाटतो, कारण कायद्याने खोटेपणाला बक्षीस दिले की तो खोटेपणा धंदा होतो. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती इतक्यासाठीच ती रस्त्यावर यावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे वर्षातून थोडकेच किलोमीटर. पण ते थोडके किलोमीटर ती मुंबईच्या गर्दीत, माणसांच्या घोळक्यातून जाते, हे विसरू नये.

मूळपणाच्या आग्रहाचे एक म्हणणे मला पूर्ण खोडता येत नाही, आणि ते प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. हा आग्रह धरणारे म्हणतात, की तुम्ही ‘नमुना तोच’ म्हणून नवे चाक लावले, पुढचा मालक ‘नमुना तोच’ म्हणून नवी बॉडी लावेल, आणि पन्नास वर्षांनी जुन्या गाडीत जुने म्हणून काहीच उरणार नाही. ही भीती खोटी नाही. लिलावात चाकाच्या आतल्या बाजूवरची तारखेची खूण पाहून बोली लावणाऱ्यांची मी थट्टा करत आलो आहे, पण त्यांच्यामुळेच कित्येक जुनी चाके भंगारात गेली नाहीत, हेही खरे आहे. माझे उत्तर इतकेच, की जुने चाक जपण्याची जागा गाडीखाली असलीच पाहिजे असे नाही. ती गाडीबरोबर असली पाहिजे. गाडीवाचून चाके विकायची नाहीत, चाकांवाचून गाडी विकायची नाही. दोन्ही एका पावतीवर.

माझ्या त्या स्नेह्याने अखेर नवे हब आणि रंगवलेली, ट्यूबवाचून चालणारी तारांची चाके घेतली. घरच्यांची नाराजी राहिली, क्लबातल्या दोघांनी रंग पाहून ‘क्रोम का नाही?’ असे विचारलेच. जुनी पाच चाके, सुट्या चाकासह, त्याने तेल लावून गोणपाटात गुंडाळली आणि गॅरेजच्या माळ्यावर ठेवली; प्रत्येकाला एक पत्र्याची चकती तारेने बांधली आहे, तिच्यावर गाडीचा चासी क्रमांक, ते चाक कोणत्या बाजूचे ते, आणि उतरवल्याची तारीख खिळ्याने कोरली आहे. नऊ तारांवरचा खडू त्याने पुसलेला नाही.